सातव्या राउंडचं पाणी

"आई, काका गरम झालाय."

यशोनं हे इतक्या सहज सांगितलं, की ओट्यापाशी डाळ घोटत उभ्या असलेल्या नीलमला त्यात दचकण्यासारखं काही वाटलंच नाही. साडेतीन वर्षांची पोर दिवसभर काहीबाही सांगत असते. खिडकीत कावळा आलाय, बाहुलीला ताप आलाय, काका गरम झालाय. मग वास आला. गोडसर, घशाला चिकटणारा. गेले कित्येक महिने ती झोपेतसुद्धा नाकानं शोधायची तोच वास, आणि तो खरोखर आल्यावर तिला क्षणभर हायसंच वाटलं, म्हणजे आपण वेड्या नव्हतो. रवी हातात तशीच घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. यशो टीव्हीच्या टेबलाखाली पालथी पडली होती. पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटलीवर तो काळा अडॅप्टर होता, त्याचा एक कोपरा तपकिरी होऊन मेणासारखा खाली बसला होता, आणि झोपलेल्या मांजराला हात लावावा तसं यशोनं त्याच्याकडे बोट नेलं होतं. नीलम ओरडली नाही. तिनं वायर धरली आणि हिसडली. प्लग भिंतीतून सुटून फरशीवर आपटला. टेबलावरच्या गेमच्या खोक्यावरचा लाल दिवा, जो तिचा दीर सम्यक गेल्यापासून एकदाही विझला नव्हता, विझला.

"झोपला," यशो म्हणाली.

तिनं पोरीला नळाखाली धरलं. तर्जनीच्या टोकाला तांदळाएवढा फोड आला होता. रडू तिला उशिरा आलं, आईचा चेहरा बघून. पाणी वाहत राहिलं आणि नीलम त्या बोटाकडे बघत राहिली. किती वेळा सांगितलं होतं तिनं नवऱ्याला, अनिरुद्धला. "अनि, रात्रंदिवस चालू असतो तो अडॅप्टर. पोर घरात फिरते रे." त्यावर तो नेहमी एकच म्हणायचा, "मोबाइलचा चार्जर नसतो का लावलेला?" एकदा तिनं जरा जोर केला तर तो उठून गॅलरीत गेला आणि कपडे वाळत घालायची काठी उगाच पुसत बसला. मग तिनं विषय सोडला आणि त्याऐवजी पहारा सुरू केला. गॅसचं बटण, मोरीतली बादली, खिडकीचं ग्रिल, आणि टेबलाखालची ताटली. ताटलीला दिवसातून किती वेळा हात लावून बघायची तेही तिला आता कळायचं नाही. कोमट असली की बरं वाटायचं.

ती ताटली सासूबाईंनी, शकुआत्यांनी ठेवली होती. त्यांना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गरम वस्तू लाकडावर ठेवू नये एवढं कळत होतं. सम्यक गेला त्या दिवशी, सगळं आवरून माणसं परतल्यावर, अनिरुद्ध त्या खोक्याचा दिवा बघून बंद करायला वाकला होता. तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या आत्या पहिल्यांदा बोलल्या. "राहू दे. बंद करू नका म्हणून सांगून गेलाय तो." आणि उठून, स्वयंपाकघरातून ही ताटली आणून, त्यांनी ती अडॅप्टरखाली सरकवली. बास. त्यानंतर या घरात त्याबद्दल कुणी काही ठरवलं नाही. ठरवलं नाही म्हणूनच ते टिकलं. वर भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, खाली टेबलावर तो लाल दिवा. सम्यकचा फोटो मोठा करून आणलेला होता, तो अजून कपाटात, कागदातच होता. आत्या म्हणाल्या होत्या, लावू की, घाई काय आहे.

त्या दिवशी बाहेर पडायच्या आधी तो इथंच, या फरशीवर मांडी घालून बसला होता. पवईला एका ऑफिसात कामाला होता, पण त्याचा जीव सगळा या भंगारात. शाळेतल्या पोरांकडे असायचे तसले जुने टीव्हीवरचे गेम, पिवळ्या कॅसेटी, मोडके रिमोट, कुठून कुठून आणायचा आणि खोलून, घासून, डाग देऊन चालू करायचा. रविवारी मित्र जमायचे, पस्तिशीला आलेले, पोट सुटलेले बाप्ये, आणि एका रिमोटसाठी भांडायचे. नीलमनं त्याला एकदा म्हटलं होतं, "अरे, हे सगळे गेम मोबाइलवर फुकट मिळतात की." तर केवढा चिडला होता. "वहिनी, मोबाइलवर सेव्ह करता येतं. मेला की पुन्हा तिथूनच चालू. त्यात काय मजा? इथं मेला की मेला. पहिल्यापासून." आणि मग हसून, "तुम्ही नाय का ठेवायचात रात्रभर पॉझवर?"

ठेवायचो की. घाटकोपरला चाळीत मामाच्या घरी ती आणि मामेभाऊ सहदेव, मे महिन्याच्या सुट्टीत. कॅसेटीला आठवण नसायची, त्यामुळे जेवायला हाक आली की गेम पॉझ करायचा, टीव्ही बंद करायचा, खोकं मात्र चालूच. मामाला लाल दिवा दिसू नये म्हणून वर टॉवेल. आणि अंथरुणात पडल्यापडल्या ते सुख, की अंधारात, टॉवेलाखाली, आपला माणूस एक पाय हवेत टाकून तसाच उभा आहे, आपण येईपर्यंत त्याला काही होणार नाही. या शहरात तिच्या वयाच्या प्रत्येकानं हे केलं असेल. म्हणूनच त्या दिवशी सम्यक उठला, बाइकची किल्ली घेतली आणि म्हणाला, "दिंडोशीच्या पोराला एक कॅसेट सापडलीये, घेऊन येतो. सातव्या राउंडला आलोय वहिनी, शेवटचा चान्स आहे, बंद करू नका हां," तेव्हा तिनं मान हलवली. यात समजावण्यासारखं काहीच नव्हतं. पवईच्या उतारावर डंपर होता.

यशोचं रडणं थांबलं. नीलमनं बोटाला मलम लावलं, पोरीला वाटीत चुरमुरे दिले, गॅस बंद केला आणि बाहेर येऊन त्या विझलेल्या खोक्यासमोर बसली.  आत्या विहारात ग्रंथवाचनाला गेल्या होत्या, दिवेलागणीला येतील. अनिरुद्ध त्याच सुमाराला. आला की तो बूट काढायच्या आधी टीव्ही लावतो. चहा घेतो, आणि चहा संपेपर्यंत त्या थांबलेल्या चित्राकडे बघतो. बोलत नाही, रडत नाही, कप ठेवतो, टीव्ही बंद करतो आणि मग माणसात येतो. यशोला उचलतो, भाजी काय विचारतो. एवढ्यावर चाललंय त्याचं. आज लावेल तेव्हा काय असेल तिथं? नुसत्या मुंग्या. अडॅप्टर जळत होता हे तो समजून घेईल. समजून घेईल आणि गॅलरीत जाईल, आणि या वेळी आत येणार नाही. ही भीती तिनं स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत मांडली नव्हती. सकाळी तो ट्रेनच्या दाराशी उभा राहतो असं त्याच्या ऑफिसातल्या जयंतीनं तिला सांगितलं होतं, आणि नीलमनं ते गॅसच्या बटणासारखं, बादलीसारखं आपल्या पहाऱ्यात घेतलं होतं.

पलंगाखाली सम्यकची पेटी होती. त्यात दुसरा अडॅप्टर असणारच हे तिला माहीत होतं. तो म्हणायचा, दोन घेतल्याशिवाय एक टिकत नाही. तिनं तो लावला. लाल दिवा लागला. टीव्हीवर मुंग्या. मग तिचे हात तिला न विचारता पुढं झाले, कॅसेट उपसली, तिच्या पोटात जोरानं फुंकर मारली, पुन्हा दाबून बसवली. निळा पडदा आला, आणि ती पिपाणीसारखी किरकिरी धून. यशो चुरमुरे विसरून हसली. "काका उठला!"

हा गेम कुणाला नावानं ठाऊक नव्हता. कॅसेटीवरचा कागद निघून गेलेला. घाटकोपरला ते त्याला कंदीलवाला म्हणायचे. एक बोटभर माणूस, हातात कंदील, उंच बुरूज, शिड्या, वटवाघळं, आणि खालून चढत येणारं पाणी. एका जागी उभं राहायची सोय नाही. चढत राहायचं, किल्ली घ्यायची, दार उघडायचं, की पुढचा राउंड, तेच, जरा जास्त वेगानं. नीलमनं डोळे मिटून सम्यकचं चित्र आठवलं. रोज बघून पाठ झालं होतं. सातवा राउंड. माणूस दुसऱ्या शिडीच्या मधोमध. कंदील डाव्या हातात. पाणी पायाखाली दोन विटा. वर कोपऱ्यात वटवाघूळ. चान्स एक. तिथपर्यंत पोचायचं आणि पॉझसाठी स्टार्टचं बटण दाबायचं. एवढंच. तिनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि रिमोट हातात घेतला.

पहिल्या राउंडलाच तिन्ही चान्स घालवून मेली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा मेली. तिसऱ्यांदा अंगठ्याला काहीतरी आठवलं. डोक्याच्या आधी त्याला कळायला लागलं की तिसरी शिडी सोडून उडी मारायची, की वटवाघूळ परत फिरतं तेव्हाच निघायचं. अधिक चिन्हाच्या बटणाची कड अंगठ्याच्या त्याच जागी रुतत होती जिथं मे महिन्यात घट्टा पडायचा. उडीचा तो आवाज, ट्युइंक, आणि किल्लीचा तो खुळखुळाट. अंगावर आंबटगोड काटा आला. सहदेव शेजारी बसून ओरडतोय, "डावीकडं जा ना गं, डोळे फुटले काय तुझे?", मामी आतून म्हणतेय, "टीव्ही फोडा आता एकदाचा," मांडीखाली गार शहाबादी, तोंडात पेप्सीकोल्याचा नारिंगी रंग. तेव्हा ती कुणाचीच पहारेकरी नव्हती. तिला कुणी विचारत नव्हतं की पोर खोकते का, पाणी उकळलं का, सासू जेवली का. बोटभर माणूस सांभाळायचा, आणि तो मेला तर तीन वेळा परत मिळायचा. चौथा राउंड गेला तेव्हा ती मोठ्यानं "हाऽ!" म्हणाली. आणि आपलाच आवाज ऐकून चपापली. हे काय चाललंय? दिराच्या मरणाची जागा भरायला बसलीये आणि मजा येतेय? पण मजा येत होती. ती नाकारता येत नव्हती. पाचव्यात पाणी भसाभसा चढत होतं, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीतली ती गाठ, सगळं कधीही कोसळेल म्हणून आवळून धरलेली, सैल झाली होती. कारण इथं सगळं कोसळणारच होतं, आणि अंगठे त्यासाठी तयार होते.

सहावा झाला. सातव्याच्या दारात ती पोचली तेव्हा तिच्याकडे तीन चान्स होते. सम्यककडे एक होता. म्हणजे दोन घालवायला हवेत. ती शिडीच्या कडेशी आली, आणि तिचा अंगठा अडला. मग तिनं डावं बटण दाबून धरलं आणि त्याला पाण्यात सोडलं. तो बुडबुड करत गेला, कंदील विझला. परत आला. परत सोडला. दुसऱ्या वेळी तिनं नजर वळवली. तिसऱ्याला मात्र जपून, श्वास धरून, दुसऱ्या शिडीवर आणला, वळवला, पाणी चढू दिलं, एक वीट, दोन विटा, आणि स्टार्ट दाबलं.

सगळं थांबलं. धून थांबली. तेव्हा तिला खोलीतली शांतता ऐकू आली, आणि त्या शांततेत, मागून, बारीक आवाजात यशो म्हणत होती, "आई, शू झाली." कितीदा म्हणाली होती कोण जाणे. फरशीवर थारोळं, त्यात चुरमुरे तरंगत होते, आणि पोर त्याच्या मधोमध ओल्या चड्डीत उभी होती, बोट तोंडात, रडून रडून आता रडायची थांबलेली. मागचं दार, गॅलरीचं, सताड उघडं होतं. नीलम दाराकडे बघत राहिली. काही झालं नव्हतं. काहीही झालं नव्हतं. तिनं पोरीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की यशो म्हणाली, "दुखतंय."

फरशी पुसून, खिडक्या उघडून, जळका अडॅप्टर कचऱ्याच्या पिशवीत सालींखाली दाबून ती बसते न बसते तोच आत्या आल्या. पांढऱ्या साडीत, दमलेल्या. चप्पल काढता काढताच थबकल्या. "कशाचा वास येतोय गं?"

"दूध लागलं आत्या."

 गुडघ्यावर हात ठेवत आत्या टेबलापाशी वाकल्या आणि ताटलीवर तळवा ठेवला. म्हणजे त्याही ठेवत होत्या. आपण एकट्याच नव्हतो. तळवा बराच वेळ तसाच राहिला.

"थंड लागतंय," त्या म्हणाल्या.

नीलमच्या मनात आलं, दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली हात घालून त्या हेच, याच आवाजात म्हणाल्या होत्या. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच दारात किल्ली वाजली.

अनिरुद्धनं टीव्ही लावला. नीलमनं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि त्याच्या पाठीमागं उभी राहिली. निळा पडदा, शिडी, माणूस, डाव्या हातात कंदील, पाणी दोन विटा. तिनं सगळं जागच्या जागी ठेवलं होतं. घर आवरावं तसं. अनिरुद्धनं एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही.

"वटवाघळाचे पंख मिटलेले होते," तो म्हणाला.

कोपऱ्यातलं वटवाघूळ पंख पसरून होतं. ते तिच्या हातात नव्हतं.

"अडॅप्टर वितळला, अनि. यशोनं हात लावला होता. बोट बघ तिचं. मी वायर ओढली. मग मला सुचेना. मग मी..."

"तू खेळलीस? इथपर्यंत?"

"हो."

तो हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "सम्याला दोन वर्षं लागली गं सातव्याला यायला. मी मोबाइलवर करून बघतो रोज, गाडीत. तिसऱ्याच्या पुढं जात नाय साला." आणि मग कप खाली ठेवून, कुणाकडेच न बघता, "एका दुपारीत केलंस तू."

त्यात राग होता की काय होतं ते तिला कळेना. ट्रेनच्या दारात उभा राहून तो हे करत असतो, एवढंच तिला कळलं. पण अंगठे मोबाइलवर आणि पाय दाराच्या कडेला, हे चित्र काही आधीच्या चित्राहून बरं नव्हतं.

"मग हा कोण आहे?" आत्यांनी विचारलं.

 आत्यांनी पुढं होऊन पडद्यावरच्या बोटभर माणसावर बोट टेकवलं. "हा सम्यकचा नाही ना? मग कोणाय हा?"

"मी आहे, आत्या," नीलम म्हणाली.

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. वास्तविक त्यांना काही कळायचं कारण नव्हतं. पण त्यांनी खाली बसून मांडी घातली, जिथं तो बसायचा तिथं, जरा बाजूला सरकून, शेजारी जागा ठेवून. "मग चालू कर," त्या म्हणाल्या. "त्यानं सांगितलं होतं तसं राहिलो आपण. आता तू आहेस तर कशाला उभं ठेवते पाण्यात?"

नीलमनं अनिरुद्धकडे पाहिलं. त्यानं रिमोट उचलून तिच्या हातात दिला. त्याचे हात गार होते. ती आत्यांच्या शेजारी बसली आणि स्टार्ट दाबलं.

धून सुटली. पाणी हललं. तिनं ठरवलं होतं, काही करायचं नाही. बुडू द्यायचा, एकदाचा, सगळ्यांच्या देखत, म्हणजे संपेल. अंगठे बटणावर नुसते टेकवून ती बसली. पाणी एक वीट चढलं. त्याच्या पायाला लागलं.

"वर घे," आत्या म्हणाल्या. मग आवाज फाटला. "अगं माय, वर घे त्याला! बघत काय बसली? वर घे!"

आणि अंगठे गेले. तिनं नाही पाठवले, गेले. माणूस सरसर शिडी चढला, उडी, किल्ली, खुळखुळ, दार. आठवा राउंड. या घरातल्या कुणी न पाहिलेला. काळाच बुरूज, पाणीही काळं, नुसत्या कंदिलाभोवती उजेडाचं वाटीएवढं वर्तुळ. शेजारी आत्यांचा श्वास फासफुस चालला होता. "डावीकडं," मागून अनिरुद्ध म्हणाला, गुडघ्यावर येऊन, इतक्या महिन्यांत न ऐकलेल्या आवाजात. "डावीकडं, डावीकडं, शाब्बास!" तिघांची डोकी त्या वर्तुळाजवळ आली होती. हे सुख होतं की काय होतं, तिला ठरवायला वेळ नव्हता. पाणी चढत होतं.

"आई," यशो म्हणाली. कुठून तरी, मागून.

"थांब."

"आई, बोट."

"थांब गं," नीलम म्हणाली, मान न वळवता. "पाच मिनिटं. बंद करू नका."

शब्द तिच्या तोंडून गेले आणि मग तिला ऐकू आले. ती कुणाला म्हणाली होती बंद करू नका? उठलेलं तर कुणीच नव्हतं. अंगठे बटणावरच होते, पण त्यांतलं शहाणपण निघून गेलं होतं, ती नुसती दोन बोटं होती. मान वळवावी, एवढंच करायचं होतं, मागं पाहावं, गॅलरीचं दार पाहावं. मान वळत नव्हती. पडद्यावर कंदीलवाला एक पाय शिडीवर टाकून उभा होता, चालू असून थांबलेला, आणि काळ्या पाण्यात काळं पाणी चढताना दिसतसुद्धा नव्हतं. फक्त उजेडाची वाटी खालून अर्धी होत होती.

"का थांबलीस?" आत्यांनी विचारलं.